परीक्षेच्या दिवशीचा ताप

फरीदाबाद
१७ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

इथूनच वाकून नमस्कार. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि कानातलं मशीन घातलं की शिट्ट्या ऐकू येतात म्हणून तू ते कपाटात ठेवून दिलंयस, असं तूच लिहिलंस. चलो, तर मग पत्रंच. मलाही बरं वाटतं. दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून जीभ थकते, तुला लिहायला बसले की घरी आल्यासारखं होतं.

थंडीची सुट्टी संपून कालपासून शाळा सुरू झाली. धुकं इतकं आहे की बसमधून मुलं उतरतात तेव्हा टोप्या आणि नाकं तेवढी दिसतात. माझ्या तिसरीच्या वर्गात एकतीस नाकं आहेत.

आता कामाचं. १८ फेब्रुवारीला आमच्या तिसरीची बाहेरची चाचणी आहे, दुसरीपासून दरवर्षी असते. सगळ्या शाळांना एकच पेपर, इंग्रजीतून. तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलीने काळा करायचा. कागद मशीन तपासतं. मग शाळांचे नंबर लागतात आणि वरच्या शाळा आपला नंबर फ्लेक्सवर छापून गेटवर टांगतात. आमचा मागच्या वर्षीचा फ्लेक्स अजून टांगलेला आहे, उन्हाने पांढरा पडलाय.

त्यामुळे सध्या मी रोज दोन तास मुलांना गोल भरायला शिकवते. खरंच सांगते. गोलाच्या बाहेर शिसं जाऊ द्यायचं नाही, खोडायचं तर पूर्ण खोडायचं, आणि एकही गोल रिकामा ठेवायचा नाही, येत नसेल तर अंदाजे ठोकून द्यायचं. प्रिन्सिपल मॅडमची ही सूचना बोर्डावर लिहिलेली आहे. परवा एका मुलाने प्रश्न न वाचताच तीसही गोल इतके सुरेख भरले की मला शाबासकी द्यावी का रडावं कळेना.

माझ्या वर्गात राधा म्हणून एक मुलगी आहे. गरिबांच्या राखीव जागांवर आलेली. तिची आई आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर ठेला लावून कपड्यांना इस्त्री करते. शाळेनंतर राधा आईजवळ बसते आणि कुठल्या घरचे किती कपडे आले, किती गेले, किती राहिले, हे सगळं तोंडी सांगते. एकदाही चुकत नाही. पण पेपर समोर आला की बसून राहते. तिला गणित येतं, प्रश्न वाचता येत नाही. तू चाळीस वर्षं तिसरी-चौथी शिकवलीस. काहीतरी युक्ती सांग ना.

तुझी
वैजू


मिरज
२३ जानेवारी २०२५

चि. वैजयंती,

आशीर्वाद. पत्रात 'चलो' एकदाच आलं, सुधारणा आहे.

तुझे गोल वाचून डोकं उठलं. असो. युक्ती अशी. तिला सांग, प्रश्न समोर आला की डाव्या हाताच्या पंजाने चारही पर्याय झाकायचे. ते चोर आहेत, आधी त्यांचं तोंड बघायचं नाही. तू प्रश्न मोठ्याने वाच आणि तिला तो तिच्या भाषेत तुला परत सांगू दे. कपड्यांचा करून सांगितला तरी चालेल. मग उत्तर पाटीवर लिहू दे. त्यानंतर हात उचलायचा आणि आपलं उत्तर त्या चौघांत कुठे बसलंय ते शोधायचं. रोज पाचच प्रश्न, जास्त नको. इंग्रजीतले नेहमीचे दहा-बारा शब्द कपड्यांच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावून शिकव. 'किती उरले', 'एकूण किती', एवढं समजलं तरी अर्धा पेपर उलगडतो.

आणि येत नसेल तर ठोकून द्यायला शिकवू नकोस. 'मला हे येत नाही' हे मुलाला नीट म्हणता आलं पाहिजे. तिथूनच आपलं काम सुरू होतं.

गुडघे आहेत तसे आहेत. शेजारची तेजश्री पत्रं टाकून येते. तुझ्या मानसची दहावी आहे, पोराच्या मागे फार लागू नकोस.

तुझी
आत्या


फरीदाबाद
३० जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझी युक्ती बिल्कुल लागू पडली. राधा पंजाने पर्याय झाकते आणि माझ्याकडे अशी बघते की जणू मीच चोर आहे. परवा एका प्रश्नात पेन्सिली वाटायच्या होत्या, तर म्हणाली, "मैम, ये तो शर्मा आंटी के पर्दे जैसा है." आणि बरोबर उत्तर काढलं. एकदा हात उचलून म्हणाली, मेरा जवाब इसमें है ही नहीं. बघितलं तर पेपरच चुकीचा छापला होता.

पण आत्या, तिला एका प्रश्नाला पाच-सहा मिनिटं लागतात. तीस प्रश्नांना तास आहे.

काल प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. दार लावून घेतलं, चहा मागवला. शाळेचा नंबर हजर मुलांच्या सरासरीवर लागतो. माझ्या वर्गातली तीन मुलं सरासरी खाली ओढतात, राधा त्यांतलीच. मॅडम म्हणाल्या, "वैजयंती जी, समझा कीजिए. उस दिन ये तीनों बीमार हो जाएँ तो किसी का क्या बिगड़ेगा?" आईवडिलांशी बोलायचं काम माझं.

रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, मला लगेच झोप लागली. सकाळी मात्र तुझी आठवण आली. आठवतं ना, आईच्या पाठीचं ऑपरेशन होतं म्हणून बाबांनी मला वर्षभर मिरजेला तुझ्याकडे ठेवलं होतं. तुझ्याच वर्गात, चौथीत. स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या सकाळी तू माझ्या कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, अंग गरम आहे, आज कुठे जायचं नाही. तुझ्या मऊ गोधडीत मला गुंडाळलंस. मेतकूट-भात भरवलास, वर तुपाची धार. तुला केंद्रावर ड्युटी होती, तर स्वतःचं घड्याळ काढून माझ्या मनगटाला बांधलंस आणि म्हणालीस, छोटा काटा चारावर आला की मी आलेच. मी चारपर्यंत काट्याकडे बघत पडले होते. आलीस ती संत्रं घेऊन, आणि एकेक फोड सोलून दिलीस.

माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा दिवस तो. मी शिक्षिका झाले ती त्या दिवसामुळे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तर मी असं ठरवतेय की राधालाही तसाच दिवस द्यावा. तिच्यापुढे तासभर तो कागद ठेवून तिला रडवण्यापेक्षा तिने आमच्या घरी यावं, माझ्या सासूबाई आहेतच, मऊ भात खावा, खेळावं. यात तिचं काही वाईट होतंय का? तू सांग.

तुझी
वैजू


मिरज
५ फेब्रुवारी २०२५

चि. वैजयंती,

आशीर्वाद. पत्र पोचलं. इकडे ऊन वाढायला लागलंय. डोळ्यांत थेंब घालायचे आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. मेतकूट केलंय, पार्सलने पाठवते. राधाला रोज पाच प्रश्न देतेस ना, ते चालू ठेव.

आत्या


फरीदाबाद
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

मेतकूट पोचलं. डबा उघडला आणि मी तिथेच उभ्याउभ्या चिमूटभर तोंडात टाकलं. तू काही न लिहिता मेतकूट पाठवलंस, त्यातच मला तुझं उत्तर मिळालं. रागावशील अशी भीती वाटत होती, खरंच मनावरचं ओझं उतरलं.

राधाच्या आईशी बोलले. १८ तारखेला, मंगळवारी, राधाला शाळेत पाठवू नका, माझ्या घरी आणून सोडा, असं सांगितलं. तिने का म्हणून विचारलं नाही. इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "आप मैडम हैं, आप अच्छा ही सोचेंगी." बाकी दोघांच्या घरी उद्या जाते.

राधाला अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज पंजा ठेवून प्रश्न सोडवते. आता दिवसाला सात होतात. डोळ्यांची काळजी घे.

तुझी
वैजू


मिरज
१३ फेब्रुवारी २०२५

वैजू,

हे स्पीड पोस्टने पाठवतेय. तेजश्रीने सांगितलं, सोमवारपर्यंत मिळेल. मंगळवारच्या आत मिळावं एवढंच देवाला सांगून बसले आहे.

मेतकूट हे माझं उत्तर नव्हतं. मला उत्तर लिहवलं नाही म्हणून मी मेतकूट पाठवलं.

वैजू, त्या सकाळी तुला ताप नव्हता.

दिल्लीहून आलीस तेव्हा तुला मराठी बोलता यायचं, वाचताना मात्र अक्षर अक्षर लावायचीस. हिशेब पटकन करायचीस, पण प्रश्न संपेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असायचा. आमच्या हेडमास्तरांना त्या वर्षी स्कॉलरशिपचा निकाल शंभर टक्के हवा होता. हजर मुलांवरच टक्का निघायचा. ते मला म्हणाले, बाई, तुमची भाची राहू दे या वर्षी. मी मान डोलावली. भांडले नाही, एक शब्द बोलले नाही. वर्षभर मी तुझ्याबरोबर बसले असते तर तू वाचायला लागली असतीस, हे मला माहीत होतं. पण मी बसले ती निकालात येणाऱ्या मुलांबरोबर. आणि त्या सकाळी तुझ्या गार कपाळाला हात लावून खोटं बोलले.

घड्याळ तुला दिलं ते लाजेने दिलं. काहीतरी द्यावंसं वाटत होतं. केंद्रावर दिवसभर दुसऱ्यांना वेळ विचारत होते. हजेरीपटावर तुझ्या नावापुढे 'गैरहजर, आजारी' असं मीच माझ्या हाताने लिहिलं. निकाल शंभर टक्के लागला, मला नारळ आणि शाल मिळाली. बाळने, तुझ्या बाबांनी, दिल्लीहून विचारलं, वैजूची परीक्षा कशी झाली, तर त्यालाही तापच कळवला. माझा भाऊ गेला तोही तेच खरं धरून गेला.

तू त्या दिवसाला सगळ्यात सुखाचा दिवस म्हणतेस. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात वाईट दिवस. तुझं पत्र वाचून मी गप्प बसले, कारण तुझ्या मनातून उतरायची भीती वाटली. पण आता त्या पोरीच्या घरी तू माझंच खोटं घेऊन गेलीस, आणि मी इथे डोळ्यांत थेंब घालत बसणार, हे मला सहन होत नाही.

सोबत त्या स्कॉलरशिपच्या परीक्षेतला बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर आहे. केंद्रावर शिल्लक राहिलेला तुझ्या वाटणीचा. इतकी वर्षं ट्रंकेत ठेवला, का ते विचारू नकोस. राधाला बसू दे. तिला काय येतं आणि काय येत नाही ते तिचं तिला बघू दे. तुझ्याकडून मी ते काढून घेतलं होतं.

आत्या


मिरज
३ मार्च २०२५

चि. वैजू,

पत्र मिळालं का? पोस्टमन दारावरून जातो, मी उठून उभी राहते, आणि तो पुढे जातो. रागावली असशील तर रागावल्याचं लिही. लाल शाईने लिही. पण लिही.

आत्या


फरीदाबाद
१० मार्च २०२५

प्रिय आत्या,

पत्र सोमवारी, सतरा तारखेलाच मिळालं. शाळेतून आले तर दारात पडलं होतं. चप्पल न काढता वाचलं.

रागावले. खूप रागावले. ताप नव्हता याचा राग नाही आला, आत्या. वाईट वाटलं ते असं की मी चार वाजेपर्यंत त्या काट्याकडे बघत पडले होते, आणि तू ज्या मुलांसाठी मला मागे ठेवलंस त्यांच्यात उभी होतीस. आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला, कारण चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला कोणीतरी सांगावं लागलं. म्हणून तीन आठवडे पेन हातात धरवलं नाही.

त्या संध्याकाळी मी तशीच इस्त्रीच्या ठेल्यावर गेले. राधा गठ्ठे मोजत होती. मला बघून मोजणं न थांबवता म्हणाली, "मैम, कल मुझे बुखार आएगा ना?"

मी म्हटलं, कोणी सांगितलं तुला?

"किसी ने नहीं. पिछले साल भी आया था. टेस्ट वाले दिन आता है." आणि पुढचा गठ्ठा घेतला.

आईने इस्त्री बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी राधाला म्हटलं, नहीं बेटा, कल तुम्हें बुखार नहीं आएगा. कल तुम स्कूल आओगी. आणि पंजा घेऊन ये. मग बाकीच्या दोघांच्या घरी गेले आणि त्यांनाही तेच सांगितलं.

मंगळवारी एकतीस मुलं हजर होती. प्रिन्सिपल मॅडम गेटवर होत्या. "ये आपने ठीक नहीं किया," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. पेपर सुरू झाला. राधाने डावा पंजा ठेवला, तर बाहेरून आलेल्या बाईंना वाटलं काहीतरी लपवतेय, त्यांनी तिचा हात उचलला. मी जाऊन सांगितलं की ती काही लपवत नाही, तिची पद्धतच अशी आहे. त्या बाई हसल्या, पण हात ठेवू दिला. तासाभरात राधाने बारा गोल भरले. बाकी अठरा रिकामे. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "मैम, इतना आता है. बाकी नहीं आता." रडली नाही. पेन्सिल दप्तरात ठेवली आणि डबा उघडला.

निकाल मे महिन्यात लागेल. फ्लेक्स लागणार नाही असं सगळे धरूनच चालले आहेत. मला एप्रिलपासून वर्ग नाही, लायब्ररी आणि गेटवरची ड्युटी. रात्री घरी नीरज म्हणाला, नोएडाला माझ्या ऑफिसजवळच्या एखाद्या शाळेत बघूया. मी म्हटलं, अभी नहीं. राधा मधल्या सुट्टीत लायब्ररीत येते. आम्ही उरलेल्या अठरा प्रश्नांसारखे प्रश्न करतो. सहा झाले.

आणि काल रविवारी दुपारी मी तुझा पेपर काढला. जेवणाच्या टेबलावर बसले, मानसने मोबाइलवर वेळ लावली. पन्नास प्रश्न, एक तास. डाव्या हाताने पर्याय झाकत गेले. पिवळा कागद घडीवर फाटत होता. अकराव्या प्रश्नाला गटात न बसणारा शब्द ओळखायचा होता: विळा, कोयता, खुरपे, सुई. तेव्हा मला यातले तीन शब्द आले नसते. खुरपं म्हणजे काय ते विचारलं तर मानसलाही सांगता आलं नाही, सुई मात्र आली. शेवटचे चार सोडून दिले. ते येत नाहीत.

पेपर परत पाठवतेय. तपासून दे. टक्के काढू नकोस.

आणि एक विचारायचं आहे. खरं सांग. ताप खोटा होता, पण मेतकूट-भात?

तुझी
वैजू


मिरज
१८ मार्च २०२५

चि. वैजू,

पोस्टमनच्या हातातून पाकीट मी ओढूनच घेतलं. तो हसला असावा, ऐकू नाही आलं.

भात खरा होता, बाळा. तूपही. त्या दिवशी माझ्या हातून तेवढंच खरं झालं.

पेपर तपासला, सोबत परत पाठवतेय. दोन दिवस लागले, भिंग घेऊन बसले होते. एकोणचाळीस बरोबर, सात चूक. टक्के काढलेले नाहीत. चुकलेले पुन्हा करून पाठव. सोडलेले चार मीही करून बघितले, त्यांतला एक मलाही येत नाही. तो राधाला दे.

आणि पेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने एक ओळ लिहिली आहे. अक्षर वाईट आलंय, वाचून घे:

वैजयंती बाळकृष्ण आठल्ये, इयत्ता चौथी. हजर.

तुझी
आत्या